वीस मीटर तार

१९३३ साली भारतीय बिनतारी संदेश कायदा झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून तो अमलात आला. परवान्याशिवाय बिनतारी यंत्रसामग्री नुसती जवळ बाळगणे हाही या कायद्याने गुन्हा ठरवला. असा कायदा करायचा म्हणजे 'बिनतारी यंत्रसामग्री' कशाला म्हणायचे हे सांगणे भागच होते. मसुदा करणाऱ्यांनी व्याख्या चांगली ऐसपैस केली. बिनतारी दळणवळणासाठी वापरलेले किंवा वापरता येण्याजोगे कोणतेही यंत्र, उपकरण, साधन अथवा साहित्य त्यांनी तिच्यात घातले. पण लगेच एक अपवाद जोडावा लागला. विजेच्या इतर कामांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या वस्तू या व्याख्येत मोडणार नाहीत. मात्र तीच वस्तू मुद्दाम बिनतारीसाठी घडवली किंवा तशा यंत्राचा भाग झाली, तर मोडेल.

या अपवादामुळे दुकानात भेंडोळ्यात पडलेली तांब्याची तार निर्दोष राहिली. तिच्यातून दिव्याला वीज न्या नाहीतर जळालेली मोटार भरा, कायद्याचे काही म्हणणे नाही. तीच तार वीस मीटर मोजून घेतली, मधोमध तोडली, तोडलेल्या जागी केबल जोडून गच्चीवर ताणली, की ती बिनतारी यंत्रसामग्री झाली. तार तीच असते. बदलते ते मोजमाप, आणि मोजमाप घेणाऱ्याला ठाऊक असलेला हिशेब.

आपल्याकडे रेडिओचा इतिहास लिहिला जातो तो केंद्रांचा, कार्यक्रमांचा आणि निवेदकांचा. एरियलचा इतिहास लिहिण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. मी जालन्यात राहतो, हौशी रेडिओचा परवाना बाळगतो, आणि गेली बरीच वर्षे तारांचे अँटेना बांधत आलो आहे. या तारेचा माग काढत मागे गेलो तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. सरकारला यंत्र जप्त करता येते, परवाना रद्द करता येतो. तारेचा हिशेब मात्र एकदा माणसाच्या हाती आला की परत घेता येत नाही. दुसरी गोष्ट मराठवाड्यापुरती आहे. केवळ पैसे नाहीत म्हणून आपण जी बुटकी, स्वस्त तार बांधतो, ती आपल्या अंतरांसाठी उंच मनोऱ्यापेक्षा अधिक कामाची आहे. या लेखात या दोन्ही गोष्टी मांडायच्या आहेत.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. सरकारी परीक्षा देऊन परवाना आणि स्वतःचे संकेतनाम मिळवलेली माणसे ठरावीक लहरींवर एकमेकांशी बोलतात किंवा मोर्सच्या कडकट्टाने संदेश धाडतात. त्यांना इंग्रजीत हॅम म्हणतात. पैसे घेऊन निरोप पोचवायला आणि करमणुकीचे प्रसारण करायला त्यांना मनाई असते. बाकी मोकळीक अशी की यंत्र स्वतः बनवावे, मोडावे, पुन्हा बनवावे.

निरुपयोगी ठरवलेल्या लहरी

अँटेनाचा जन्मच तारेतून झाला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत कार्ल्सरूहला हाइनरिश हर्ट्‌झने विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध केले, तेव्हा त्याच्या प्रयोगात मधोमध फट ठेवलेली एक सरळ तार होती. आम्ही जिला डायपोल म्हणतो ती हीच. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स येथे मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकल्याचे जाहीर केले. ऐकण्यासाठी त्याने जी एरियल वापरली, ती पतंगाला बांधून आभाळात चढवलेली तार होती. आपल्याकडे संक्रांतीला जे पोर करते, त्याहून या उभारणीत फारसे वेगळे काही नव्हते.

पुढे या विद्येत पैसा शिरला. लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते, असा त्या काळचा समज होता. लांब लहरींना मैदानभर पसरलेल्या तारा आणि शेकडो फुटांचे मनोरे लागत. ते कंपन्यांना आणि आरमारांनाच परवडत. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकलले, कारण त्या लहरी कुणाला नकोच होत्या. गावाबाहेरची खडकाळ जमीन द्यावी तसे ते दान होते. त्याच जमिनीत पीक आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये हौशी लोकांनी ११० मीटरच्या आसपास अटलांटिक ओलांडून दुतर्फा संभाषण केले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर हा अठरा वर्षांचा विद्यार्थी न्यूझीलंडमधल्या फ्रँक बेल याच्याशी मोर्समध्ये बोलला. पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाशी झालेले हे पहिले दुतर्फा संभाषण होते.

आखूड लहरी वरच्या आयनांबरावर आदळून परत खाली येतात आणि म्हणून दूर जातात, हे आता उघड झाले. मार्कोनी कंपनीनेही दिशा बदलली. १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात लघुलहरींची 'बीम' तारसेवा सुरू झाली, तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. महाराष्ट्राच्या पठारावरून थेट लंडनशी दळणवळण सुरू झाले, त्यामागे हौशी पोरांनी गच्चीवरच्या तारांनी केलेले प्रयोग होते.

गॉयडरची कहाणी इथे संपत नाही. १९३६ साली तोच ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होऊन भारतात आला आणि दहा वर्षे त्या पदावर राहिला. एवढा मोठा देश मध्यमलहरींनी भरून काढायचा तर शेकडो केंद्रे लागतील आणि तेवढा पैसा सरकार देणार नाही, हे ओळखून त्याने लघुलहरींचे जाळे आखले. १९३८ मध्ये मुंबईचे लघुलहर प्रक्षेपण सुरू झाले. शाळेच्या आवारातून न्यूझीलंड गाठणाऱ्या मुलाला आखूड लहरींवर भरवसा असणारच.

आपल्या देशातही सुरुवात हौशी लोकांनीच केली. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ साली पहिला परवाना मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने मुंबईतून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने प्रसारण सुरू केले. तरी १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशभरातले परवानाधारक हौशी पन्नासाच्या आतच होते, आणि त्यांतले बहुतेक ब्रिटिश. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादचे डेक्कन रेडिओ फेब्रुवारी १९३५ मध्ये २०० वॅटवर सुरू झाले, पुढे औरंगाबादलाही संस्थानाचे केंद्र झाले. संस्थाने विलीन झाल्यावर आकाशवाणीच्या पदरात पडलेल्या पाच संस्थानी केंद्रांत ही दोन होती.

हिशेब

आता तो हिशेब. त्याला चौथीचा भागाकार पुरतो.

लहरीचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. हौशी लोकांचा सर्वांत लाडका पट्टा ७ मेगाहर्ट्‌झच्या लगतचा आहे, समजा ७.१ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ७१ लाख आंदोलने. भागाकार केला की एका लहरीची लांबी ४२ मीटरच्या किंचित वर येते. म्हणून या पट्ट्याला ढोबळमानाने 'चाळीस मीटर' म्हणतात. डायपोल अर्ध्या लहरीएवढा हवा, म्हणजे २१ मीटर. तारेच्या टोकांपाशी विद्युतक्षेत्र थोडे बाहेर पसरते आणि तार आहे त्याहून लांब असल्यासारखी वागते, म्हणून साधारण पाच टक्के वजा करायचे. तोंडी सूत्र असे: १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागा, उत्तर मीटरमध्ये. १४३ भागिले ७.१ म्हणजे २०.१४. मधोमध तोडले की दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. झाला अँटेना.

जालन्यात हे साहित्य शोधायला लांब जावे लागत नाही. शेतीपंपांच्या मोटारी जळत राहतात, त्यामुळे मोटार रिवायंडिंगची दुकाने जागोजाग आहेत आणि तिथे वार्निशचा थर दिलेली तांब्याची तार वजनावर मिळते. ती ताणली की थोडी लांबते, म्हणून मी घरगुती वायरिंगची प्लॅस्टिकच्या आवरणाची बहुपदरी तार पसंत करतो. टोकांना आणि मध्यभागी विजेला अडवणारा तुकडा हवा; पाण्याच्या पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा, त्याला दोन भोके. ताणायला नायलॉनची दोरी, ती शेती साहित्याच्या कोणत्याही दुकानात. वर चढवायला बांबू.

राहिली केबल. मोकळ्या आभाळात डायपोलच्या मध्यबिंदूपाशी विजेला होणारा विरोध सुमारे ७३ ओहम असतो. टीव्हीची जी काळी गोल केबल गल्लोगल्ली पसरली, ती ७५ ओहमची असते. घरोघर छत्र्या आल्यावर निरुपयोगी होऊन गुंडाळून ठेवलेली ती केबल या तारेला जणू मापून केल्यासारखी बसते. आधीच्या पिढीत हेच काम चपट्या, दोन समांतर तारांच्या पट्टीने केले. दूरदर्शनच्या ॲल्युमिनियमच्या अँटेनापासून ती खाली टीव्हीपर्यंत येई.

दोन उंच खांब मिळाले नाहीत तर एकच बांबू गच्चीच्या मध्यावर रोवायचा, तारेचा मध्य वर बांधायचा आणि दोन्ही बाहू उतरते करून कठड्याला आणायचे. उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारखा हा आकार. दोन बाहूंमधला कोन काटकोनाहून लहान होऊ द्यायचा नाही, एवढे पथ्य. या आकारात विरोध पन्नास ओहमकडे उतरतो, आणि बहुतेक यंत्रे पन्नास ओहमचीच असल्याने ते सोयीचेच पडते. तार आधी हिशेबापेक्षा थोडी लांब ठेवायची आणि मीटर बघत बोटबोट कापत यायचे. बाजूची भिंत, पत्र्याचे छत, पाण्याची टाकी ही सगळी हिशेबात ढवळाढवळ करतात, त्यामुळे पुस्तकी आकडा सुरुवातीलाच कामी येतो. दोन गोष्टींत मात्र तडजोड नाही. महावितरणच्या तारांच्या जवळपास ही तार न्यायची नाही, आणि मृगाच्या तोंडावर आभाळ गडगडू लागले की केबल यंत्रापासून काढून घराबाहेर टाकायची.

बेचाळीस मीटर चौतीस

या भागाकाराला इतिहासात एकदा फार मोठे काम पडले.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने हौशी परवाने बंद करून यंत्रे पोलिसांकडे जमा करायला सांगितली. १९३३ च्या कायद्याची सगळी ताकद त्यामागे होती. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, 'चले जाव'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र सुरू केले. उषाबाई बावीस वर्षांच्या होत्या. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे सोबती. राममनोहर लोहियांचे मार्गदर्शन. शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने यांची मदत. यंत्राची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हे एकेकाळचे परवानाधारक हौशी होते. चौपाटीच्या सी व्ह्यू इमारतीत सुरुवात झाली आणि पुढे पकडले जाऊ नये म्हणून केंद्र जागा बदलत राहिले. चिमूर आणि आष्टीला ऑगस्ट १९४२ मध्ये जे घडले, ते छापण्याची मुभा वृत्तपत्रांना नव्हती. काँग्रेस रेडिओने ते देशाला ऐकवले.

हे केंद्र स्वतःची ओळख देताना ४२.३४ मीटर ही तरंगलांबी सांगत असे. काँग्रेस रेडिओवर लिहिणारे बहुतेक जण हा आकडा देतात आणि पुढे जातात. हौशी रेडिओवाल्याची नजर मात्र तिथे अडते. ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. तो अगदी आमच्या चाळीस मीटर पट्ट्याच्या आत पडतो. युद्धापूर्वी हौशी लोक ज्या लहरींवर गप्पा मारत, त्याच लहरींवर हे बंड बोलत होते. मला यात योगायोग वाटत नाही. हौशी माणसाच्या हाताला ज्या पट्ट्याची सवय, ज्या गुंडाळ्यांची मापे तोंडपाठ, त्यावरच तो घाईत आणि चोरून यंत्र जुळवणार.

पुढचा हिशेब आपण वर केलाच आहे. ४२.३४ ची निम्मी २१.१७, पाच टक्के वजा जाता वीस मीटर आणि थोडी. त्यांनी नेमकी कोणत्या घाटाची एरियल ताणली असेल हा भाग बाजूला ठेवला, तरी त्या लहरीला लागणारी तार चौपाटीच्या कोणत्याही चाळीच्या गच्चीवर मावणारी होती, आणि दुरून पाहणाऱ्याला ती वाळत घातलेल्या धोतरांच्या दोरीहून वेगळी दिसली नसती. मध्यमलहरीचे केंद्र असे इमारत बदलत फिरवता आले नसते. मनोरा पाठीवर टाकून पळता येत नाही.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस पोचले. लहरी ऐकून शब्दन्‌शब्द टिपून घेणे पोलिसांनी केव्हाच सुरू केले होते. पण अखेरचा पत्ता आतल्या माणसाकडून फुटला. तंत्रज्ञाने दगा दिला, असे उषाबाई पुढे मुलाखतींतून सांगत. १९४३ मध्ये विशेष न्यायालयाने खाकर यांना पाच, उषाबाईंना चार आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा दिली. इतिहासकार या शेवटाकडे विश्वासघाताची गोष्ट म्हणून पाहतात, आणि ती तशी आहेच. मला त्यात आणखी एक दिसते. हे ज्ञान माणसांत राहते, म्हणून जप्तीतून सुटते. आणि माणसांतच राहते, म्हणून माणसाइतकेच कच्चेही असते.

आंबोलीचे रान आणि घरोघरची एरियल

तेरा वर्षांनी महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला पुन्हा तसाच प्रसंग आला. नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून गोवामुक्तीसाठी गुप्त प्रसारण सुरू केले. दादरा-नगर हवेली १९५४ साली मुक्त झाली तेव्हा पोर्तुगीजांकडून हाती आलेली बिनतारी यंत्रे त्यासाठी वापरली होती. पुढे केंद्र कॅसल रॉककडे हलले. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून चाललेले हे प्रसारण १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत टिकले. घाटमाथ्यावरचा आंबोलीचा पाऊस, धुके, जळवा यांत सहा तास यंत्र कोरडे ठेवणे हेच दिव्य. इथे तर सहा वर्षे गेली. मोठ्या मनोऱ्याचे तिथे कामच नव्हते, कारण तो उभारणे म्हणजे शत्रूला बोट दाखवून पत्ता देणे.

याच वर्षांत एरियलची विद्या सामान्य घरांत पसरत होती, तीही एका मराठी मंत्र्याच्या कृपेने. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते आटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. सिलोन लघुलहरींवर होते. ते नीट ऐकायचे तर घरात एरियल हवी. मग तांब्याच्या जाळीची चपटी पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली गेली, खिडकीतून तार बाहेर काढून कडुलिंबाला बांधली गेली. तार पूर्व-पश्चिम बांधावी की दक्षिणोत्तर, यावर ओट्यांवर वाद झाले. हे श्रोते प्रक्षेपण करत नव्हते. पण तार फिरवली की आवाज बदलतो, हे त्यांनी कानांनी शिकून घेतले होते. माझ्या आधीच्या पिढीतले अनेक हौशी याच दारातून आत आले.

हौशी परवाने १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले होते. आयात यंत्रे परवडण्याजोगी नव्हती, म्हणून युद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेली यंत्रे मुंबईच्या जुन्या बाजारातून आणून लोक दुरुस्त करत. १९८४ मध्ये आयात शुल्क माफ झाल्यावर तयार यंत्रे येऊ लागली. अँटेना मात्र घरचाच राहिला.

खालच्या तारेचे गणित

हौशी रेडिओची इंग्रजी पुस्तके वाचली की एक उपदेश सतत भेटतो: अँटेना जितका उंच तितका चांगला. चाळीस मीटर पट्ट्यासाठी अर्धी लहर उंची, म्हणजे जवळजवळ वीस मीटर, असावी म्हणतात. सहा-सात मजली घराएवढा खांब कुणाच्या दारात आहे? माझ्या गच्चीवर बांबू धरून मध्याची उंची जेमतेम नऊ मीटर भरते. उतरत्या बाहूंची टोके त्याहून खाली. पुस्तकाच्या भाषेत ही अडचण आहे.

प्रत्यक्षात काय होते ते पाहू. उंच तार आपली शक्ती क्षितिजाकडे सपाट फेकते. ती लहर आयनांबराला तिरकी लागते आणि हजारो किलोमीटरवर उतरते. मधल्या प्रदेशाला ती डोक्यावरून ओलांडते. जमिनीपासून सहा ते दहा मीटरवरची तार मात्र, खालची जमीन आरशासारखी वागत असल्याने, बरीचशी शक्ती सरळ वर टाकते. दिवसा आपल्या अक्षांशांवर आयनांबर सहसा इतके दाट असते की ७ मेगाहर्ट्‌झची उभी गेलेली लहरही ते परतवते. वर गेलेले पाणी कारंज्यासारखे सभोवार खाली पडावे, तशी ती लहर चारशे-पाचशे किलोमीटरच्या वर्तुळात सगळीकडे उतरते. डोंगर आडवा येत नाही, दरी आडवी येत नाही. लहर वरून येते. रात्री आयनांबर विरळ झाले की हे कारंजे बंद पडते, जवळची केंद्रे बुडतात आणि दूरची ऐकू येतात. आमच्या मंडळींच्या भेटी चाळीस मीटरवर सकाळी का भरतात, त्याचे कारण हे.

आता नकाशा घ्या. जालन्याहून मुंबई सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर. जालन्याहून किल्लारी सुमारे २१०. हैदराबादहून किल्लारीही जवळजवळ तितकेच, आणि मुंबईहून किल्लारी चारशे. मराठवाड्याला ज्या कुणाशी तातडीने बोलावे लागेल तो या कारंज्याच्या आत आहे. मोटारीवरच्या छोट्या यंत्राच्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरी क्षितिजापाशी संपतात. उंच मनोऱ्याची लघुलहर डोक्यावरून निघून जाते. मधले अंतर भरून काढते ती ही बुटकी, उतरती तार.

किल्लारीचे नाव घेतले ते नुसते अंतर सांगण्यासाठी नाही. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही उन्हाळ्यात थंडावा देणारी आपली घरे झोपलेल्यांच्या अंगावर बसली. लातूर-उस्मानाबाद भागात सरकारी आकड्यानुसारही जवळपास आठ हजार माणसे गेली. मोबाइल तेव्हा आलेला नव्हता. त्या दिवसांत वेगवेगळ्या ठिकाणांहून हौशी रेडिओवाले भूकंपग्रस्त भागात पोचले, केंद्रे उभारली आणि निरोप पोचवले. जिथे उभी भिंत उरली नाही तिथे मनोरा कुठून येणार? दोन बांबू, एक तार आणि मोटारीची बॅटरी यांच्यावर निघणारा मार्गच अशा वेळी पहिल्या दिवशी चालू होतो.

आज

आज जालन्यात चाळीस मीटरवर ऐकायला बसलो की आधी गोंगाट ऐकू येतो. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर, सौर पॅनेलांची यंत्रे, उद्योगवसाहतीतल्या पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या. सगळे आपापली खरखर आभाळात सोडतात. गावात वीज गेली की लोक हळहळतात आणि मी यंत्र चालू करतो, कारण तेवढाच वेळ पट्टा स्वच्छ असतो. एरवी न पोचणारा कोल्हापूरचा किंवा नागपूरचा बारीक आवाज तेव्हा समोर बसल्यासारखा येतो. या निरीक्षणात गंमत आहे तसा एक धडाही आहे. मोठ्या आपत्तीत वीज आधी जाते. ज्या घडीला बाकी सारे बंद पडते, त्या घडीला ही तार सर्वांत चांगले ऐकते.

यंत्रही आता आवाक्याबाहेरचे राहिलेले नाही. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून जुळवता येईल असा बिटएक्स नावाचा बोलता-ऐकता येणारा संच आखला आणि त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले. जगभरच्या हौशी लोकांनी तो बनवला. मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारा असा काही वॅटचा संच आणि वर सांगितलेली तार, एवढ्यावर दिवसाउजेडी मुंबईशी बोलता येते. पाच वॅट म्हणजे घरातल्या छोट्या दिव्याएवढी शक्ती.

कमी आहेत ती माणसे. पूर्वी ज्याला रेडिओ ऐकायचा त्याला एरियल समजून घ्यावी लागे. आता अँटेना फोनच्या पोटात गेला आणि दिसेनासा झाला. जे दिसत नाही त्याबद्दल पोरे प्रश्न विचारत नाहीत. जुन्या तार व बिनतारी कायद्यांच्या जागी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला. परवाना, परीक्षा, नियम हे सगळे पुढेही राहील आणि राहायला हवे. पण कोणताही कायदा तार बांधायला शिकवत नाही. ते शिक्षण गच्चीवर, भर उन्हात, एकाने बांबू धरून आणि दुसऱ्याने दोरी ओढूनच होते.

जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जाफराबादच्या टोकापासून घनसावंगी-परतूरच्या टोकापर्यंत अंतर शंभरेक किलोमीटर. दिवसा या आठही ठिकाणांना एकमेकांशी आणि गरज पडली तर थेट मुंबईशी जोडायला एकही मनोरा लागत नाही. आठ तारा लागतात, प्रत्येकी वीस मीटर, आणि प्रत्येक तालुक्यात परवाना घेतलेली, ७.१ ने १४३ ला भागता येणारी दोन माणसे. दोन यासाठी, की एक गावाला गेला तर दुसरा असावा. तार कोणत्याही आठवडी बाजाराच्या गावी मिळेल. माणसे घडवायला वेळ लागतो, आणि ते काम भूकंप, पूर यायच्या आधी करून ठेवावे लागते.